एक्स-वायची चूक पोटात घालता येते, झेडची नाही

तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये चांगला ट्रिनॉक्युलर मायक्रोस्कोप असतो, स्लाइडही नीट रंगवलेल्या असतात. पण अवघड बायोप्सीवर दुसरं मत हवं असेल तर काचेची स्लाइड डबीत घालून कुरिअरने मुंबई-पुण्याला धाडावी लागते. अख्खी स्लाइड स्कॅन करणारी तयार यंत्रं कित्येक लाखांना पडतात. दिवसाला चार-पाच स्लाइड पाठवणाऱ्या लॅबला ती परवडण्याचा प्रश्नच नाही. अशा लॅबला वेगाची घाई नसते. एका स्लाइडला पाऊण तास लागला तरी चालतं. चित्र मात्र असं हवं की पलीकडच्या पॅथॉलॉजिस्टला पेशीच्या केंद्रकातलं क्रोमॅटिन वाचता यावं.

असलेल्याच मायक्रोस्कोपला तीन स्टेपर मोटरी, एक कॅमेरा आणि स्थिर दिवा जोडला की हे साधतं. अशा जोडण्यांची वर्णनं इंटरनेटवर भरपूर आहेत, पण बहुतेकांत सगळा जीव स्टेज अचूक सरकवण्यात ओतलेला दिसतो: लीड स्क्रू, लिनिअर रेल, एन्कोडर. आमचं मत उलटं आहे. एक्स-वायमध्ये, म्हणजे स्टेज आडवा सरकताना, तीस मायक्रॉन इकडेतिकडे झालं तरी सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमा जुळवून घेतं. झेडमध्ये, म्हणजे फोकसच्या उंचीत, तीन मायक्रॉन चुकलं की ती फ्रेम गेलीच. धूसर फ्रेममधलं क्रोमॅटिन नंतर कशानेही परत येत नाही. म्हणून पैसा आणि मेहनत आधी झेडवर, मग दिव्यावर, आणि उरेल ते एक्स-वायवर.

ओपनफ्लेक्शरचा उल्लेख इथेच केलेला बरा. बाथ आणि ग्लासगो विद्यापीठांतून वाढलेला हा खुला प्रकल्प थ्रीडी प्रिंटरवर अख्खा मोटराइज्ड मायक्रोस्कोप छापतो, आणि टांझानियातल्या इफाकारा आरोग्य संस्थेबरोबर मलेरियासाठी त्याच्यावर काम झालं आहे. त्याची सरक सुमारे १२ × १२ मिमी आहे. रक्ताच्या स्मिअरला एवढी पुष्कळ झाली. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या मोठ्या नमुन्याचा सेक्शन (स्लाइडवरचा पातळ काप) मात्र सहज २० मिमीच्या पुढे जातो. शिवाय आपल्याकडे अंबाल्यात बनलेले साधे, दणकट मायक्रोस्कोप लॅबोलॅबी पडून आहेत, त्यांची भिंगं आणि कंडेन्सर बरी असतात. ती टाकून नवं छापण्यापेक्षा त्यांनाच मोटर लावणं शहाणपणाचं.

आधी गणित

एक ठरीव जोडणी धरून चालू: २०× ०.४० एनए (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचा आकडा) ऑब्जेक्टिव्ह, ट्रिनॉक्युलर नळीवर ०.५× सी-माउंट अडॅप्टर, आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा हाय क्वालिटी कॅमेरा. या कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स४७७ सेन्सर आहे: ४०५६ × ३०४० पिक्सेल, एक पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा, सेन्सर ६.२९ × ४.७१ मिमी. एकूण मोठेपणा दहापट, म्हणजे स्लाइडवर एका फ्रेममध्ये ०.६३ × ०.४७ मिमी दिसतं आणि एक पिक्सेल ०.१५५ मायक्रॉनचा पडतो.

इतका बारीक पिक्सेल लागत नाही. ०.४० एनएचं भिंग हिरव्या प्रकाशात साधारण ०.८४ मायक्रॉनपर्यंतच दोन ठिपके वेगळे दाखवतं, त्याच्या निम्मा म्हणजे ०.४२ मायक्रॉनचा पिक्सेल पुरतो. म्हणून कॅमेरा २०२८ × १५२० च्या मोडमध्ये चालवायचा. त्यात चार पिक्सेल एकत्र होतात, पिक्सेल ०.३१ मायक्रॉनचा होतो, फाइल चौथाई होते आणि चित्रातलं काहीही हरवत नाही. ‘मेगापिक्सेल जास्त तेवढं बरं’ या समजुतीपायी अनेक जोडण्या विनाकारण हळू चालतात.

आता १५ × १५ मिमीचा सेक्शन घ्या. शेजारच्या फ्रेमा १५ टक्के एकमेकींवर चढवल्या तर पाऊल ०.५३ × ०.४० मिमीचं होतं, आणि २८ गुणिले ३८, म्हणजे १०६४ फ्रेमा लागतात. एका फ्रेमला अडीच सेकंद धरले तर पाऊण तास. जोडलेलं चित्र दोन्ही बाजूंनी ४८ हजार पिक्सेलच्या पुढे जातं. न दाबता ठेवलं तर ७ जीबी, जेपेगने दाबलं तर पाचशे एमबी ते एक जीबी.

फोकसची खोली याच भिंगाला साधारण ३.४ मायक्रॉन मिळते, म्हणजे वरखाली पावणेदोन मायक्रॉनची मोकळीक. ४०× ०.६५ एनएला ती १.३ मायक्रॉनवर येते. सेक्शन स्वतःच ३ ते ५ मायक्रॉन जाड असतो. स्वस्त जोडणीत २०× पसंत करायचं ते यासाठी. ४०× लावलं की फ्रेमा चौपट होतात आणि फोकसची मोकळीक तिसऱ्या हिश्श्याहून थोडीच जास्त उरते.

एक्स-वाय: हलकं आणि स्वस्त

दुपदरी स्टेजमध्ये एक्स आणि वायचे नॉब एकाच दांड्यावर, एकाखाली एक लटकतात, आणि बहुतेक स्टेजमध्ये ते वरच्या पट्टीबरोबर पुढेमागे सरकतात. मोटरचं ब्रॅकेट खालच्या पट्टीला किंवा स्टँडला ठोकलं तर वाय हलवताच सगळं अडकतं. ब्रॅकेट वरच्या पट्टीलाच हवं, म्हणजे मोटरचं वजन स्टेजवर येणार. तिथे नेमा १७ ही नेहमीची वजनदार स्टेपर मोटर टांगली की स्टेज एका कुशीवर झुकतो आणि त्याचा फटका झेडला बसतो. म्हणून इथे २८बीवायजे-४८ ही गिअरवाली छोटी मोटर घ्यायची. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती मिळते.

तिचा जोर पुरेल का, हे मोटर लावण्याआधी बघता येतं. नॉबभोवती दोरा गुंडाळा, टोकाला वजन टांगा आणि नॉब कधी फिरायला लागतो ते पाहा. मोटर सुमारे ३४ मिलिन्यूटन-मीटर जोर देते, तो २५ मिमी व्यासाच्या नॉबवर २८० ग्रॅमच्या ओढीइतका होतो. निम्मा राखीव धरला, तर १४० ग्रॅमच्या आत नॉब फिरायला हवा. नाही फिरला तर बहुधा जुनं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. रॅक आणि सरकपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पातळ ग्रीसचा हात फिरवला की फरक पडतो. मोठी मोटर हा शेवटचा उपाय.

खालच्या, बहुधा एक्सच्या, नॉबला मोटर छापलेल्या कपातून थेट जोडता येते. वरच्या नॉबला तसं करता येत नाही, कारण दांडा मधून जातो. त्याच्यावर जीटी२ या दातेरी बेल्टचं ६० दात्यांचं कडं बसवायचं (व्यास साधारण ३८ मिमी येतो), मोटरवर २० दात्यांची पुली. वाय मुळात जड असतो, त्याला तिप्पट जोर आयता मिळतो.

ही मोटर युनिपोलर असते, म्हणजे तिच्या कॉइलना मधली सामायिक तार असते. स्टेप-डायरेक्शनवर चालणाऱ्या ड्रायव्हरला (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटला) ती जोडायची तर निळं झाकण उघडून आतल्या पट्टीवरची, लाल तारेला जाणारी मधली रेघ ब्लेडने कापायची आणि लाल तार सोडून द्यायची. उरतात निळी-पिवळी आणि गुलाबी-केशरी अशा दोन जोड्या. मल्टिमीटरने दोन्ही जोड्यांचा रोध सारखा येतो का आणि एकमेकींशी कुठे जोड उरली नाही ना, हे बघूनच पुढे जा. कॉइलचा रोध दुप्पट, साधारण १०० ओम होतो, त्यामुळे ५ ऐवजी १२ व्होल्ट द्यावे लागतात.

आता हिचा दुर्गुण. गिअरपेटीत दोन-तीन अंशांचा मोकळा झोल असतो. नॉबच्या एका फेरीत स्टेज २० मिमी सरकत असेल तर तीन अंश म्हणजे १७० मायक्रॉन! फ्रेमांची चढण वायमध्ये जेमतेम ७० मायक्रॉनची आणि एक्समध्ये ९५ची. नागमोडी स्कॅन केला, एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून, तर एकाआड एक ओळ सरकलेली निघते. चित्राच्या कडा कंगव्यासारख्या दिसायला लागल्या की कारण हेच समजा. उपाय सोपा आहे: प्रत्येक ओळ एकाच दिशेने स्कॅन करायची, परतताना ओळीच्या सुरुवातीच्या अर्धा मिमी मागे जायचं आणि तिथून पुढे यायचं. मोटर मिनिटाला दहा फेरे देते, म्हणजे १५ मिमी परतायला साडेचार सेकंद. अठ्ठावीस-अठ्ठावीस फ्रेमांच्या अडतीस ओळींना मिळून तीन मिनिटं वाढतात. झोलरहित महागड्या गिअरपेटीपेक्षा ही तीन मिनिटं स्वस्त.

एका पावलाला स्टेज नेमका किती सरकतो हे कागदावरच्या गणिताने ठरवू नका. स्टेज मायक्रोमीटर (१ मिमीचे १०० भाग) ठेवून आधी पिक्सेलचं माप पक्कं करा. मग सेक्शनवर ठरावीक पावलं देऊन आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममधली सरक फेज कोरिलेशनने (दोन चित्रं जुळवून सरक काढणाऱ्या गणिती पद्धतीने) काढा. हे एक्स आणि वाय दोन्हीकडे केलं की दोन गुणिले दोनचा मॅट्रिक्स मिळतो. कॅमेरा नळीत एखाद-दोन अंश तिरका बसलेला असतोच. तो तिरकेपणाही यात येतो.

झेड: इथे काटकसर नको

बऱ्याच मायक्रोस्कोपांत फाइन फोकसच्या एका फेरीत स्टेज ०.२ मिमी चढतो. आपल्या यंत्रात तो किती चढतो ते डायल गेज स्टेजवर टेकवून दहा फेऱ्यांवर मोजा. मोटर नेमा १७ घ्या. फोकसचा नॉब स्टँडवर असल्याने इथे वजनाची अडचण नाही. मोटरवर २० दाते, नॉबवर ६० दाते, मध्ये बंद जीटी२ बेल्ट. मोटरच्या २०० पावलांत नॉबची तिसरा हिस्सा फेरी होते, म्हणजे एका पूर्ण पावलाला ०.३३ मायक्रॉन. ड्रायव्हर टीएमसी२२०९, आठ मायक्रोस्टेपवर (एका पावलाचे आठ भाग): एक मायक्रॉनला २४ मायक्रोस्टेप पडतात.

थेट जोडून ३२ मायक्रोस्टेप घेतले तर कागदावर याहून बारीक आकडा येतो. पण मायक्रोस्टेपमध्ये मोटरचा जोर तुटपुंजा असतो. नॉबचं घर्षण तेवढ्यात सुटत नाही, आणि मग चार-पाच मायक्रोस्टेप साठून स्टेज एकदम उडी घेतो. पूर्ण पाऊलच मोकळीकेच्या आत बसलं पाहिजे, ही आमची कसोटी. बेल्ट फार ताणू नका, फाइन फोकसचा शाफ्ट बाजूला ओढला जाऊन प्रत्येक फेरीगणिक फोकस डोलतो.

झेडलाही बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना येणारा झोल, असतो. इष्ट उंची गाठताना नेहमी खालून वर यायचं: आधी १५ मायक्रॉन खाली, मग वर. स्टेजचं वजन गिअरवर एकाच बाजूने टेकलेलं राहतं. मोटरचा करंट स्कॅनच्या मध्ये बंद पडू देऊ नका. तो गेला की रोटर जवळच्या पूर्ण पावलावर जाऊन बसतो आणि जागा चुकते. मात्र करंट ०.४ अँपिअरच्या आसपासच ठेवा. मोटर तापली तर स्टँड तापतो आणि फोकस सरकतो. भिंग काचेला टेकलंच तर मोटरने गप थांबावं, स्लाइड फोडू नये, हाही कमी करंटचा फायदा. तरी कोर्स फोकसचा थांबा लावून ठेवाच, कारण ४०× भिंग आणि कव्हरस्लिप यांत अर्धा-पाऊण मिमीच असतो. कव्हरस्लिपबाहेर ओघळलेलं ओलं डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवण्याचा पदार्थ) भिंगाला लागलं की त्या दिवसाचं काम थांबतं.

कोर्स फोकसचं ताण-कडं सैल असेल तर स्टेज स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरतो. सेक्शन फोकस करून अर्धा तास हात न लावता ठेवा. त्याच जागी फोकस सुटत असेल तर आधी कडं आवळा, सॉफ्टवेअर नंतर.

फोकस शोधण्याची पद्धत अशी. प्रत्येक फ्रेमला दहा-अकरा उंचींवर फोटो काढत बसलात तर पाऊण तासाचे चार तास होतील. त्याऐवजी सेक्शनवर साधारण तीन-तीन मिमीवर बिंदू घ्या. १५ मिमीला पाच गुणिले पाच, पंचवीस होतात. प्रत्येक बिंदूवर आधी वरखाली ३० मायक्रॉन, पाच-पाचच्या पावलाने. मग जिथे तीक्ष्णता सर्वाधिक तिथे दीड-दीडच्या पावलाने. वरच्या तीन मापांतून पॅराबोला काढला की शिखर पावलाहूनही बारीक मिळतं. तीक्ष्णतेसाठी हिरव्या चॅनेलवर ब्रेनर ग्रेडियंट (दोन पिक्सेल अंतरावरच्या उजेडातल्या फरकांच्या वर्गांची बेरीज) घ्या. लाप्लासियन हे दुसरं मापही चालतं, पण ते कॅमेऱ्याच्या गोंगाटाला लवकर फसतं. ओपनफ्लेक्शरमध्ये व्हिडिओच्या जेपेग फ्रेमची फाइल किती मोठी आहे यावरूनच फोकस ठरवतात: बारकावे जास्त तेवढी फाइल मोठी. रास्पबेरी पायवर हा उपाय फार जलद चालतो.

पंचवीस उंचींतून एक सपाट प्रतल बसवा. स्लाइड थोडी तिरकी असतेच, आणि प्रतल तो तिरकेपणा पकडतं. एखादा बिंदू प्रतलापासून फारच दूर गेला तर तिथे सेक्शनला घडी किंवा खाली हवेचा बुडबुडा आहे, तो वगळा. सगळेच बिंदू विस्कटले असतील तर स्लाइड नीट बसलेली नाही. स्टेजवर काचेचा चुरा किंवा वाळलेल्या डीपीएक्सचा कण हमखास सापडतो. स्कॅन करताना प्रतलाने सांगितलेली उंची घ्यायची आणि दर चार-पाच फ्रेमांनी दोन मायक्रॉन खाली, जागेवर आणि दोन मायक्रॉन वर असे तीन फोटो घेऊन दुरुस्ती करायची.

रिकाम्या काचेवर फोकस शोधू देऊ नका. तिथे यंत्राला कव्हरस्लिपवरची धूळच सापडते, आणि ती सेक्शनपासून शंभराहून जास्त मायक्रॉन वर असते. फ्रेममध्ये रंगाची गडदता ठरावीक पातळीखाली असेल तर ती रिकामी समजून प्रतलाचीच उंची वापरा.

दिवा आणि कॅमेरा

मायक्रोस्कोपचा मूळ एलईडी दिवा बहुधा पीडब्ल्यूएमने, म्हणजे फार वेगाने चालू-बंद होऊन, मंद होतो. डोळ्याला कळत नाही, पण या कॅमेऱ्याचा शटर ओळीओळीने उघडतो आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. स्थिर करंट हवा. एलएम३१७ या रेग्युलेटर चिपला १२ ओमचा रेझिस्टर लावून १०४ मिलिअँपिअरचा स्थिर करंट मिळतो, आणि एका वॅटच्या एलईडीला तो पुरतो. एलईडी ९०च्या वर सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) घ्या. हलक्या एलईडीखाली इओसिन या रंगद्रव्याच्या गुलाबी छटा एकमेकींत मिसळतात, आणि त्या छटांवरच वाचन अवलंबून असतं. कंडेन्सरचा डायफ्रॅम भिंगाच्या एनएच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवा. जास्त बंद केला तर चित्र ठसठशीत दिसतं खरं, पण बारकावा जातो आणि धूळ ठळक होते.

ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद. नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो आणि जोडलेलं चित्र गोधडीसारखं दिसतं. रास्पबेरी पायच्या सॉफ्टवेअरमधली लेन्स शेडिंगची दुरुस्तीही काढून टाका, ती मायक्रोस्कोपसाठी बनलेली नाही. तिच्याऐवजी त्याच स्लाइडवर, कव्हरस्लिपखालच्या रिकाम्या जागी, थोडं थोडं सरकत पंधरा-वीस फ्रेमा घ्या, त्यांचा मध्यक काढा आणि प्रत्येक फ्रेमला त्याने भागा. हे दर स्लाइडला करा, त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. दिवा लावल्यावर वीस मिनिटं थांबून मगच फोकसचं प्रतल घ्या.

चालवणं आणि जोडणं

अर्डुइनो उनो, त्यावर सीएनसी शील्ड (ड्रायव्हर बसवायचं बोर्ड) आणि जीआरबीएल हे मोटरी चालवणारं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर तिन्ही अक्ष चालतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. $१=२५५ ठेवा, म्हणजे मोटरचा करंट कायम राहील. दुसरं, जीआरबीएल ‘ओके’ म्हणतं ते आज्ञा रांगेत घेतल्यावर. हालचाल तेव्हा पूर्ण झालेली नसते, आणि त्या ‘ओके’वर फोटो काढला तर तो हलतो. सरकण्याच्या आज्ञेमागून जी४ पी०.२ ही थांबण्याची आज्ञा पाठवा. त्याचं ‘ओके’ हालचाल संपून ०.२ सेकंद थांबल्यावरच येतं. थरथर किती वेळ टिकते हे यंत्रागणिक बदलतं. थांबल्यावर लागोपाठ फ्रेमा घेऊन त्यांच्यातली सरक एका पिक्सेलच्या खाली कधी येते ते मोजा आणि आकडा त्यावरून ठरवा.

जोडणीसाठी अ‍ॅशलार, मिस्ट किंवा फिजीमधलं ग्रिड स्टिचिंग, तिन्ही मोफत आहेत. शेजारच्या जोड्यांची सरक काढून सगळ्या फ्रेमांची जागा एकदम ठरवणारी पद्धत हवी. एकीला एक चिकटवत गेलात तर चूक साठत जाते. रिकाम्या किंवा चरबीच्या फ्रेमांत जुळवायला काही सापडत नाही, तिथे स्टेजच्या मॅट्रिक्सवर विसंबा. हे काम रास्पबेरी पायवर करू नका, साध्या १६ जीबीच्या पीसीवर करा. शेवटी लिबव्हिप्सने २५६ पिक्सेलच्या टाइलांचा पिरॅमिड टिफ (एकाच फाइलमध्ये लहानमोठ्या आकारांत साठवलेलं चित्र) बनवा, जेपेग दर्जा ८५ ते ९०, आणि फाइल ४ जीबीच्या पुढे जाण्याची शक्यता असेल तर बिगटिफ. पिक्सेलचं मायक्रॉनमधलं माप फाइलमध्ये लिहायला विसरू नका, नाहीतर क्यूपाथ या स्लाइड बघण्या-मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गाठीचं माप काढताना आकडा चुकेल. ब्राउझरमध्ये दाखवायला ओपनसीड्रॅगन पुरतं. लेबलचा भाग स्कॅनबाहेर ठेवा, रुग्णाचं नाव चित्रासोबत बाहेर जाता कामा नये.

शिकवणं, दुसरं मत, चर्चा यासाठी अशी चित्रं उपयोगी पडतात. फक्त त्यांच्यावरून पहिलं निदान करायचं असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतही अख्ख्या स्लाइडच्या स्कॅनरला पहिल्या निदानासाठी प्रथम परवानगी मिळाली ती २०१७ मध्ये. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची पडताळणीची शिफारस सरळ आहे आणि कुठल्याही लॅबला करता येते: किमान ६० केसेस, त्याच पॅथॉलॉजिस्टने काचेवर आणि पडद्यावर वाचायच्या, दोन्हींमध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर. निदान जिथे जुळत नाही त्या स्लाइडच्या फ्रेमा उघडून फोकस बघा.

एफएनएसी (सुईने काढलेल्या पेशींची तपासणी) आणि पॅप स्मिअरला हे यंत्र जसंच्या तसं लावू नका. तिथे पेशींचे पुंजके वीस-वीस मायक्रॉन जाड असतात आणि एका उंचीवर सगळे कधीच दिसत नाहीत. दोन-दोन मायक्रॉनवर निदान पाच थर घ्यावे लागतात, वेळ आणि जागा दोन्ही जवळपास पाचपट होतात. अख्खी स्मिअर तशी घेण्यापेक्षा आधी १०×ने भराभर एक नकाशा घ्या, पॅथॉलॉजिस्टकडून त्यावर पाच-सहा चौकोन आखून घ्या, आणि थर तेवढ्याच भागाचे काढा.